हार घालताना विचारलेले तीन प्रश्न

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात फुलझेले सिस्टर आणि त्यांच्या वॉर्डाला बक्षीस होतं. सुई टोचण्याआधी "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही, रुग्णालाच नाव सांगायला लावायचं, असा नियम त्यांनी घातला होता. हा नियम आला माझ्या सुदामदादामुळे. त्याला कुणी "तुम्ही वामनराव ना?" असं विचारलं, दादानं मान डोलावली आणि वामनरावांची सुई टोचली गेल्यानं तो दगावला.

बक्षीस द्यायला आलेले मोठे साहेब माइकवर हसले. "शुद्धीतला माणूस भलत्यालाच हो म्हणतो का? चूक त्या रुग्णाचीच! असल्या नियमाला बक्षीस कसलं?"

माझं डोकंच फिरलं. टेबलावरचा हार उचलून मी स्टेजवर चढलो. फोटोवाला पुढे सरसावला, तसे साहेब कॅमेऱ्याकडे बघत गोड हसू लागले.

"आपणच मोठे साहेब ना?" हार घालता घालता मी माइकपाशी विचारलं.

"हो."

"नव्या इमारतीचं उद्घाटन आपल्याच हस्ते ना?"

"हो, हो."

"उद्या मूळव्याधीचं ऑपरेशन आपलंच ना?"

"हो, हो, हो!"

मंडपात असा हशा उसळला की पेढे वाटणारी मावशी परातीसकट खाली बसली.

"साहेब, तुम्हाला तर तापही नाही," मी म्हणालो. "माझा दादा तापानं फणफणला होता."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी बक्षीस सिस्टरच्या हाती दिलं आणि माइक ओढून म्हणाले, "चूक त्या रुग्णाची नव्हती."