यष्टींमागे उभी केलेली बॅट

तालुक्याच्या एका गावी एकदा एका वृद्ध क्रिकेट प्रशिक्षकाला भयंकर राग आला, आणि तो यावा अशीच गोष्ट घडली होती. गावच्या संघाचा तरुण कर्णधार या गुरुजींचाच शिष्य. अंतिम सामना दोन दिवसांवर असताना त्याने यष्टिरक्षक बाबलचे नाव खोडले. बाबल बारा वर्षे यष्टींमागे उभा होता. त्याचे एकही बोट सरळ राहिले नव्हते. कारण काय, तर पाच सामन्यांत धावा अवघ्या सतरा! त्याच्या जागी आलेला धिप्पाड गडी षटकार मारी. झेल मात्र त्याच्या हातून हमखास सुटत. बाबल हातमोजे कट्ट्यावर ठेवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी गुरुजींनी त्या नव्या गड्याची बॅट मागून घेतली आणि यष्टींमागे दोन विटांच्या आधाराने उभी केली.

“आज यष्टिरक्षक ही!”

पोरे हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी संघाच्या फिरकी गोलंदाजाला चेंडू टाकायला लावले, आणि मागे गेलेला प्रत्येक चेंडू आणायला कर्णधाराला पिटाळले. पहिले तीन चेंडू असे वळले की फलंदाज चकला, आणि तिन्ही थेट सीमेपार गेले. कर्णधाराला धाप लागली. चौथा मात्र सरळ, गुळमुळीत आला. फलंदाजाने तो मैदानाबाहेर भिरकावला.

“तुझी फिरकी कुठे गेली रे?” गुरुजींनी विचारले.

“मागे अडवणारं कोणी नाही, गुरुजी. वळवून फुकट धावा कशाला देऊ? बाबल असला की मी मागे बघतसुद्धा नाही.”

गुरुजी कर्णधाराकडे वळले. “ऐकलंस?”

“पण सामना धावांनीच जिंकतात ना, गुरुजी?”

“मग बाबलने अडवलेल्या धावांचं काय? त्या कोणी वहीत लिहीत नाही, म्हणून त्या नव्हत्याच? नव्या पोराच्या धावा मोज, जरूर मोज. पण त्याने सोडलेले झेलही मोज. आणि जे चेंडू टाकायची या गोलंदाजाची आता छातीच होणार नाही, तेही मोज! तू एकच बाजू पाहिलीस, आणि बारा वर्षं तुमच्यासाठी गुडघे झिजवलेल्या माणसाशी दोन शब्दही बोलला नाहीस. लाज वाटली पाहिजे!”

कर्णधाराने कट्ट्यावरचे हातमोजे उचलले आणि बाबलचे घर गाठले.

“चुकलो,” तो म्हणाला. “उद्या तूच खेळायचं.”

“फलंदाजीला कितवा?”

“अकरावा.”

“चालेल,” बाबल म्हणाला.

अंतिम सामन्यात बाबल शून्यावर बाद झाला. फिरकी गोलंदाजाने सात बळी घेतले, त्यांतले पाच बाबलच्या हातांनी. गाव जिंकले, आणि चावडीवर शाल-श्रीफळ मिळाले ते एकट्या गोलंदाजाला. संतापलेले गुरुजी त्या सत्काराला फिरकले नाहीत. कर्णधारही गेला नाही. तो बाबलच्या ओसरीवर, त्याच्या सुजलेल्या बोटाला हळदीचा लेप लावत बसला होता.