निळ्या गल्लीतली हातभर जागा

फार दूर, जिथे सूर्य आपल्याआधी उगवतो त्या जपान देशात, क्योतो नावाच्या जुन्या शहरात रंगाऱ्यांची एक गल्ली होती. जमिनीखालचं पाणी गोड लागलं म्हणून रंगारी तिथे राहिले, आणि मग त्यांची नातवंडं-पतवंडंही तिथेच राहिली. घरं लाकडाची, पुढून अरुंद आणि मागे लांबच लांब. लोक हसून म्हणत, हे घर की सापासारख्या वाम माशाचं अंथरूण! प्रत्येक घरात एक विहीर, एक चिमुकली बाग आणि जमिनीत पुरलेले निळीचे रांजण. गल्लीतल्या मोठ्या माणसांचे हात कोपरापर्यंत निळे असत.

तिथे सुझू नावाची आठ वर्षांची मुलगी आईबरोबर राहायची. वडील नव्हते. रांजण एकच होता. त्या उन्हाळ्यात सगळ्या विहिरी आटल्या. नीळ जिवंत असते, तिला पाणी आणि कोंडा द्यावा लागतो. नाही दिला तर ती मरते, आणि मेलेली नीळ कापडाला रंग देत नाही. सुझूच्या रांजणातली नीळ जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकणार होती. ती गेली की मायलेकींना गल्ली सोडावी लागणार होती.

शेजारी ओताकी आजी राहायच्या. त्यांचा नातू शिन्ता तापाने फणफणला होता. सकाळी आईने नदीच्या आटत्या धारेतून कसंबसं आणलेलं अर्धी बादली पाणी त्यांना देऊ केलं. आजी कमरेत वाकल्या.

"छे छे, एवढं कसं घेऊ? तुमच्या रांजणाला लागेल. आमच्याकडे आहे की थोडं."

बादली परत आली. आजींच्या मडक्यात दोनच घोट उरलेत, हे सुझूला ठाऊक होतं.

गल्लीची एक रीत होती. रोज आपल्या दारासमोर झाडायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर जास्त झाडायचं. हातभरच. कमी झाडलं तर माणूस कोत्या मनाचा. जास्त झाडलं तर शेजाऱ्याला आळशी म्हटल्यासारखं.

दुपारी सुझूने आपल्या वाटणीचा पिण्याच्या पाण्याचा पेला घेतला आणि बागेतल्या सुकलेल्या नेच्याच्या मुळाशी ओतला. हिरव्या शेवाळावर चांदीची किणकिण झाली. अंगठ्याएवढी परी उभी राहिली. तिचे पंख पहाटेच्या आभाळासारखे होते, कडेला जरा गुलाबी.

"तुला तहान नव्हती का, बाळ?" परीने विचारलं.

"होती. पण याला जास्त होती."

परीने तिच्या तळहातावर एक निळा, चमचमता थेंब ठेवला. तो मण्यासारखा घट्ट होता.

"हा ज्या विहिरीत पडेल ती भरेल. पण ऐक. तुझा झाडू जातो तिथवरच तू हा ठेवू शकतेस. हा काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. आणि कुणी परत केला की हा निम्मा होईल. तिसऱ्यांदा परत आला तर विरून जाईल."

सुझू आपल्या विहिरीवर वाकली. तेवढ्यात भिंतीपलीकडे शिन्ता कण्हला. ती थांबली. आपली विहीर भरली तरी आजी आपलं पाणी घेणार नाहीत.

ती झाडू घेऊन दारात गेली आणि थेंब आजींच्या हातभर जागेत ठेवला.

आजी बाहेर आल्या. "सुझू, तुझा मणी आमच्या दारात आला गं." त्यांनी तो हळूच अलीकडे सारला. थेंब निम्मा झाला.

सुझूने तो पुन्हा पलीकडे ठेवला.

"अगं, परत? माझं दार म्हणजे काय मण्यांचं दुकान आहे?" आजींनी पुन्हा सारला. थेंब आता मोहरीएवढा राहिला.

सुझू पुढे सरली. तिने तो तिसऱ्यांदा ठेवला आणि पटकन गुडघे टेकले.

"आजी, माझं एक काम कराल?"

आजी ताठ उभ्या राहिल्या. "काम? सांग की! इतकी वर्षं शेजारी राहता, कधी मेलं एक काम सांगितलं नाहीत."

"हा मणी तुमच्या विहिरीत टाका. का ते विचारू नका."

"कोरड्या विहिरीत? पोरीला ऊन लागलं वाटतं!"

पण त्या गल्लीत दिलेली वस्तू परत करता येई, सांगितलेलं काम परतवता येत नसे. आजींनी तो दोन निळ्या बोटांत उचलला आणि आत गेल्या.

आधी बुडबुड ऐकू आली, मग खळखळ. पाणी काठापर्यंत चढलं, उन्हात झगमगलं. आजींनी पहिला पेला शिन्ताच्या ओठांना लावला आणि मग दारात येऊन ओरडल्या, "सुझू! उभी काय राहिलीस? बादली आण! मणी तुझा, तर पाणीही तुझंच."

सुझूने एकदाही नको म्हटलं नाही. ती वाकली आणि बादली घेऊन धावली. मग सगळी गल्ली आली. आजी प्रत्येकाला म्हणायच्या, "सुझूचं पाणी आहे. लाजू नका, न्या."

ऊन कलताना आईने रांजण भरला, कोंडा टाकला, ढवळलं. निळीवर जांभळा फेस आला. आईने पांढरं कापड बुडवून वर काढलं. ते हिरवं निघालं, आणि वारा लागताच कडेकडेने निळं होऊ लागलं. रांजणाच्या काठावर परी बसली होती. कापड निळं होत गेलं तशी ती उजळत गेली, आणि शेवटचा हिरवा ठिपका मावळला तेव्हा नुसता उजेड उरला. मग तोही गेला.

भिंतीपलीकडे शिन्ता तिसरा पेला मागत होता.