दाजी आणि जपानी रस्सा

एका गावात एक भोळा जावई होता. भोळा हा शब्द लोक जावयासाठी राखून ठेवतात. तोच माणूस परका असता तर त्याला सरळ मूर्ख म्हटलं असतं. त्याचं नाव केरबा.

केरबाचा मेहुणा दिगंबर मात्र कामाचा माणूस. पुण्यात एका जपानी हॉटेलात चार वर्षं राबून तो रामेन शिकून आला होता. रामेन म्हणजे मोठ्या वाडग्यात कढत रस्सा, त्यात लांबलचक शेवया आणि वर भाज्या. शेंदूरगावच्या लोकांनी त्याला जपानी शेवया असं नाव देऊन टाकलं आणि वर गूळ मागितला. शेंदूरगावाकडून याहून जास्त अपेक्षा नव्हतीच.

त्या वर्षी नगरपालिकेने खाद्यजत्रा भरवली. नगराध्यक्षाबाई ज्याचा पदार्थ पहिला ठरवतील, त्याला नव्या मंडईतला कोपऱ्यावरचा गाळा मिळणार होता. दिगंबरला तो गाळा हवाच होता. नाही मिळाला तर पुन्हा पुणं आणि पुन्हा दुसऱ्याच्या भटारखान्यातली चाकरी. म्हणून पहाटेच त्याने भाजलेले कांदे, आलं, मक्याची कणसं आणि मश्रूम घालून मोठं पातेलंभर रस्सा चढवला. कोंबडी घातली नाही, कारण नगराध्यक्षाबाई माळकरी होत्या. एवढा सगळा विचार त्याने केला. एक विचार राहिला. हाताखाली माणूस हवा म्हणाला आणि बहिणीने नवऱ्याला धाडलं.

आता जावई म्हटला की त्याला कुणी उलटं बोलत नाही. त्याने घर पेटवलं तरी उजेड छान पडला म्हणायचं. दिगंबरच्या घरात तर रीतच होती, की दाजींची चूक झाली तर चूक असा शब्द काढायचा नाही. पुढच्या वेळेला असं करा, एवढंच गोडीत सांगायचं. या रीतीमुळे केरबाला चाळीस वर्षांचा होईपर्यंत आपण चुकतो हे कळलंच नव्हतं.

सकाळी दिगंबर म्हणाला, "दाजी, मी पातीचा कांदा घेऊन येतो. तोवर रश्शाकडं लक्ष ठेवा."

तो परत आला तेव्हा रस्सा उतू जाऊन शेगडी विझली होती. केरबा समोर स्टुलावर बसून डोळ्याची पापणी न हलवता पातेल्याकडे बघत होता.

"आवो दाजी, रस्सा उतू गेला की!"

"गेला. आधी डावीकडनं गेला, मग चौफेर. माझं पुरं लक्ष होतं."

दिगंबरच्या तोंडात एक शब्द आला होता. तो त्याने गिळला.

"दाजी, पुढच्या वेळेला जोरात वाफा दिसल्या की गार पाण्याचा हबका मारा."

"आता ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कदम मास्तर. निवृत्त मुख्याध्यापक, अंगात इस्त्रीचा सदरा, नाकावर नवा चष्मा. दिगंबरने वाफाळता वाडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि वळला. मागे फटकन आवाज आला. केरबाने तांब्याभर पाण्याचा हबका मारला होता. निम्मं पाणी वाडग्यात आणि निम्मं मास्तरांच्या तोंडावर.

"हा काय आचरटपणा?" मास्तर ओरडले.

"वाफा येत होत्या," केरबा म्हणाला.

मास्तर शेवटी शेवटी काय बोलले ते मुलांसमोर सांगता येत नाही. ते गेल्यावर दिगंबरने दहा आकडे मोजले.

"दाजी, पुढच्या वेळेला गिऱ्हाइकाच्या वाडग्याला हात लावू नका. लांब उभं राहा. जपानात रामेन आवडलं की माणसं सूं सूं आवाज करत ओढतात. तसा आवाज आला की कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, 'आभारी आहे, अजून येऊ द्या.'"

"आता ध्यानात ठेवतो."

मग आल्या द्वारकाबाई. त्यांच्या नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. सूनबाईने बळंच घराबाहेर काढलं होतं, जरा चार माणसांत बसा म्हणून. द्वारकाबाईंनी वाडग्यात बघितलं. नवऱ्याला शेवया फार आवडायच्या. त्यांनी पदर नाकाला लावला. सूं, सूं.

केरबा कमरेत वाकला. "आभारी आहे. अजून येऊ द्या."

द्वारकाबाईंनी डबडबल्या डोळ्यांनी वर बघितलं आणि मोठ्याने रडायला लागल्या. आवाज वाढला तसा केरबा आणखी खाली वाकला. सून सासूला धरून घेऊन गेली. जाताना तिने दिगंबरकडे असं बघितलं, की त्याला तिथेच जमिनीत शिरावंसं वाटलं.

"दाजी," तो दात दाबून म्हणाला, "पुढच्या वेळेला कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की शेजारी बसा, पाठीवर हात ठेवा आणि म्हणा, 'गेलेलं माणूस परत येत न्हाई, धीर धरा.'"

"आता ध्यानात ठेवतो."

दुपारी रणजित पैलवान आला. भलत्या फुशारकीने त्याने दुप्पट तिखट घालून घेतलं. तिसऱ्या घासाला कान लाल झाले आणि चौथ्याला डोळ्यांतून धारा लागल्या. केरबा लगबगीने शेजारी बसला. पाठीवर हात ठेवला.

"गेलेलं माणूस परत येत न्हाई. धीर धरा."

पैलवानाचा घास तोंडातच राहिला. "कोण गेलं?"

"ते मला काय ठावं? पण तुम्ही धीर धरा."

"आरं, आमचं आबा तर सकाळी चांगलं होतं!" असं ओरडून पैलवान टेबल उलथवून पळाला. घरी त्याचे आबा ओसरीवर दाढी करत होते. लेक हंबरडा फोडत आलेला बघून त्यांनी वस्तरा गालात घुसवून घेतला.

दिगंबरने टेबल सरळ केलं. आता त्याच्या हातात एक संध्याकाळ उरली होती.

"दाजी, पुढच्या वेळेला माणसांच्या जवळच जाऊ नका. भांड्यांपाशी थांबा."

शेजारी शिरपतीचा मिसळीचा स्टॉल होता. शिरपतीचा रस्सा इतका पातळ असे की त्यात मटकी कमी आणि खाणाऱ्याचं तोंड जास्त दिसे. त्यात दुपारपासून नळ गेलेला. तो बिचारा रिकामी घागर घेऊन हिंडत होता.

पाचला भोंगा वाजला. नगराध्यक्षाबाई आल्या. सगळ्या स्टॉलवाल्यांनी जत्रेच्या दारावर फूल घेऊन उभं राहायचं, असा हुकूम होता. दिगंबरला जाणं भाग होतं. लहान पातेल्यात शेवया शिजत होत्या.

"दाजी, नीट ऐका. शिजलं की चाळणीत ओता. पाणी सगळं काढून टाका. वर जे राहील तेच आपल्या कामाचं. ते नीट झाकून ठेवा. एवढंच करा."

"आता ध्यानात ठेवतो."

आणि केरबाने शेवया अगदी बिनचूक गाळल्या. एक तुटली नाही, एक चिकटली नाही. जन्मात पहिल्यांदा काम जमल्यामुळे त्याला हुरूप आला. त्याने इकडे तिकडे बघितलं. शेजारी मोठं पातेलं होतं.

दिगंबर दारावरून परतला तेव्हा सगळं नीट झाकलेलं होतं, म्हणून त्याने आत बघितलं नाही. तासाभराने बाई एकेक स्टॉल करत शेवटी रामेनपाशी आल्या. रुमालाने ओठ पुसत होत्या.

"काय हो दिगंबर, त्या शिरपतीची मिसळ मी लग्न होऊन आल्यापासून खाते. आज पहिल्यांदा रश्शाला चव लागली. काय गोडी! दोनदा मागून घेतला."

शिरपतीचा रस्सा आणि चव? दिगंबरला बाईंच्या जिभेबद्दल शंका आली. तो नम्रपणे हसला, वाडग्यात शेवया घातल्या, पळी घेतली आणि मोठ्या पातेल्यावरचं झाकण उचललं.

आत उकडलेले कांदे होते. कणसं होती. मश्रूम ओळीने लावून ठेवले होते. थेंबभर रस्सा नव्हता.

"दाजी... रस्सा?"

"कसला रस्सा? त्यात नुसतं पिवळं पाणी साचलं होतं. गाळून काढलं. वर राहिलेलं सगळं झाकून ठेवलंय बघ."

बाईंनी कोरड्या शेवयांचा एक घास घेतला, तो बराच वेळ चावला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग त्या मागे वळल्या आणि गाळ्याची किल्ली शिरपतीच्या हातात ठेवली. शिट्ट्या वाजल्या. शिरपती सगळ्यांपेक्षा जास्त चकित झाला होता.

"दाजी, पुढच्या वेळेला..." दिगंबरने सुरुवात केली. मग ते वाक्य सोडून दिलं. त्याने फक्त विचारलं, "ते पाणी सांडलं कुठं?"

"सांडतोय कशाला?" केरबाने छाती फुगवली. "शेजारी शिरपती पाण्यासाठी हिंडत होता. त्याच्या पातेल्यात ओतलं सगळं. आल्यावर लई आशीर्वाद दिले त्यानं. मी बी त्याला शब्द दिलाय, गाळा कुणालाबी मिळो, रोज पातेलंभर आपल्याकडनं."