कुलपातलं रुखवत

एका राज्यात माणशी एक चूल होती. राजाची वेगळी, राणीची वेगळी, प्रधानाची वेगळी, आणि पहारेकऱ्यांच्या तर तटाला टेकून ओळीने अठरा. दरबार ऐन रंगात आला की प्रधान हळूच उठे, "महाराज, आमटी उतू जाईल," म्हणे आणि निघून जाई. राजा त्याला अडवीत नसे. राजाचाही भात चुलीवर असे.

या राज्यात सगुणा लग्न होऊन आली. राजपुत्र सोमदत्ताची ती बायको. माहेर दुसऱ्या राज्यात. बोलणं कमी, बघणं फार, आणि हातांना एकच खोड, ती म्हणजे लोकांना करून खाऊ घालण्याची. कोणाच्या घरी बाळ झालं की हिचे डिंकाचे लाडू निघत, कोणी गावाला निघालं की हिची शिदोरी तयार असे.

सासरी पहिल्याच दिवशी तिने पुरण घातलं. चाळीस पोळ्या केल्या, एकही फुटली नाही. सगळे जेवले, अगदी मुकाट्याने. कोणी चांगली म्हटलं नाही, कोणी वाईट म्हटलं नाही. मामंजींनी, म्हणजे राजाने, खलिता घडी करावा तशी पोळीची घडी केली आणि गिळली. सासूबाईंनी एक घास घेऊन ताट बाजूला सारलं.

"गोड कमी झालं का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"ठाऊक नाही."

"मग जास्त झालं?"

"तेही ठाऊक नाही. तुला कोणी सांगितलं नाही वाटतं?"

"लग्नात मुलीकडच्यांना कोण काय सांगतं?"

तेव्हा सोमदत्ताने सांगितलं. राज्यावर तीस वर्षं शाप होता. स्वतःच्या हातचं खाल्लं तर चव लागे. दुसऱ्याच्या हातचं खाल्लं तर माती खाल्ल्यासारखं होई. म्हणून ज्याने त्याने आपापलं रांधावं, आपापलं खावं. पाहुणा आला तर तो आपलं पीठ घेऊन येई आणि यजमान त्याला चूल दाखवी.

लोकांना याची सवय झाली होती. पण सहा महिन्यांपूर्वी राणीच्या हातांतलं बळ गेलं. लाटणं फिरेना, पळी धरवेना. आता तिला दुसऱ्याच्याच हातचं खावं लागे, आणि ते तिला जाईना. अंगावर शेल्याचंही ओझं व्हावं इतकी ती वाळली होती. वैद्य म्हणाले होते, अन्न असंच नकोसं राहिलं तर महिना निघणं कठीण.

सगुणा तिच्याजवळ बसली. "सासूबाई, दोन घास."

"सूनबाई, तू चांगलं करतेस, ते तुझ्या हातांकडे बघूनच कळतं," राणी म्हणाली. "पण लागतच नाही, तर चावायचं कशासाठी?"

सगुणेला आपल्या रुखवतातले डिंकाचे लाडू आठवले. आईने आणि मावश्यांनी एकवीस दिवस बसून केलेलं रुखवत, लग्नाच्या मांडवात मांडलं होतं. ते कुठे गेलं, म्हणून तिने दासीला विचारलं.

"खजिन्यात," दासी म्हणाली. "या घरची तशी रीत आहे."

सगुणा खजिन्यात गेली. तिचं रुखवत एका कोपऱ्यात होतं. त्याच्या पुढे कुलूप लावलेल्या काचेच्या कपाटात दुसरं रुखवत मांडलेलं होतं: शंकरपाळ्यांचा किल्ला, चिरोट्यांची कमळं, करंज्यांची नौका, तिच्यात साखरेचे नावाडी, आणि मागे बेसनाच्या लाडवांचा डोंगर. सगळं आजच केल्यासारखं ताजं. परराज्यांचे वकील आले की राजा त्यांना हे दाखवी. वकील माना डोलवीत.

खिडकीच्या जाळीत एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "बघायला आलीस की खायला?"

"दुसऱ्याला द्यायला आले."

"मग तू भलत्याच घरात पडलीस, बाई."

"हे कोणाचं?"

"तुझ्या सासूचं. तिच्या आत्याने केलेलं. कालिंदीबाई, मोठी चेटकीण, पण रुखवत चेटकाने केलं नाही हो, हाताने केलं. तुझ्या सासऱ्याला ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की त्याने कोणाला हातच लावू दिला नाही. उचललं आणि कुलपात ठेवलं. पाचव्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं, जावईबापू, लाडू कसे झाले? तर हा म्हणाला, बघण्यासारखे."

सगुणेने डोळे मिटले.

"तसंच आत्याबाईंनीही केलं," साळुंकी म्हणाली. "मग डोळे उघडले आणि शाप दिला. तुझ्या सासऱ्याला अजून वाटतं की त्या ग्रहांमुळे चिडल्या."

"त्यांना कोणी समजवायला गेलं नाही?"

"गेले की. सेनापती गेला, त्याचा वरवंटा झाला. राजकवी गेला, त्याचा खलबत्ता झाला. तुलाही जायचंय का?"

सगुणेने बोटांवर दिवस मोजले. वैद्यांनी सांगितलेल्या महिन्यातले चार दिवस संपले होते.

"वाट दाखव," ती म्हणाली.

सोमदत्त सोबत निघाला होता, पण तिने त्याला आईजवळ थांबवलं. साळुंकी पुढे, सगुणा मागे. पहिल्या दिवशी त्यांनी एक नदी ओलांडली, ती उलटी वाहत होती. दुसऱ्या दिवशी एक जंगल ओलांडलं, तिथली झाडं पाहुण्यांना वाट देण्यासाठी सरकून उभी राहत. तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगरमाथ्यावर घर आलं. दारात एक वरवंटा आणि एक खलबत्ता होता. खलबत्ता हळू आवाजात यमकं जुळवत होता.

कालिंदीबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण?"

"आपल्या भाचीची सून. सगुणा."

"काम?"

"सासूबाईंना जेवण जात नाही. शाप काढावा."

"तीन कामं आहेत. झाली तर काढीन. चुकलीस तर पाटा होशील. वरवंट्याला सोबत होईल."

पहिलं काम परसात उभं होतं. भस्म्या नावाचा राक्षस. शंभर वर्षं तो खात होता आणि त्याचं पोट भरत नव्हतं. "त्याच्या तोंडून पुरे असं ऐकव," आत्याबाई म्हणाल्या.

सगुणेने नुसतं बघितलं. भस्म्या उभ्याने खात होता. एका हाताने हंडा, दुसऱ्याने कढई, लक्ष तिसरीकडे. तिने अंगण सारवलं, पाट मांडला, पानाभोवती रांगोळीची दोन बोटं ओढली, तांब्या ठेवला आणि म्हणाली, "हात धुऊन या."

राक्षस गोंधळला. पण हात धुऊन आला आणि बसला. पाट मोडला, तेव्हा जमिनीवर बसला. तिने मूठभर भात वाढला, वर वरण, वर तूप. त्याने एका घासात संपवलं. तिने विचारलं, "अजून वाढू?"

भस्म्याला हे शंभर वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. "वाढ," तो म्हणाला. तिने तेवढाच वाढला आणि पुन्हा विचारलं. असं एकवीस वेळा झालं. बाविसाव्या वेळी तिने आग्रहाचा घास पुढे केला, "माझ्यासाठी एवढा तरी." तेव्हा राक्षसाने दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"पुरे, ताई," तो म्हणाला. "आता खरंच नको."

आत्याबाईंचे निवडणारे हात थोडे थांबले. मग त्यांनी दुसरं काम सांगितलं. "वारा, विस्तव आणि पाणी जेवायला येणार आहेत. तिघांना एका पंगतीत जेवव. आजवर ते एकत्र बसलेले नाहीत. ज्याला आधी वाढत नाहीत तो उठून जातो, आणि जाताना घर नेतो."

ठरल्या वेळी तिघे आले. बसण्यावरूनच कुरबूर झाली. विस्तव म्हणाला, "मी पाण्याशेजारी बसत नाही." पाणी म्हणालं, "तुला बोलावलं कोणी?" वारा दोघांना फुंकर घालत होता. सगुणेने भस्म्याला त्या दोघांच्या मध्ये बसवलं. तो पोटभर जेवलेला होता, पण बसायला तो जेवल्यासारखाच आनंदाने बसला. तो एकदा बसला की पलीकडचं दिसत नसे.

"आधी कोणाला?" तिघांनी एकदम विचारलं.

सगुणेने मीठ वाऱ्यापासून वाढायला सुरुवात केली. विस्तव तडतडला. तोवर ती वळून कोशिंबीर पाण्यापासून वाढत आली. पाणी खुशीत आलं. मग तुपाची वाटी घेतली आणि पहिली धार विस्तवाच्या पानावर सोडली. तूप आधी मिळाल्यावर विस्तवाला आणखी काय हवं असणार. प्रत्येक जण कशात ना कशात पहिला होता आणि बाकीच्यांकडे दयेने बघत होता. तिघे जेवले, विडे खाल्ले आणि उठताना एकमेकांना "येतो" म्हणाले.

"तिसरं," आत्याबाई म्हणाल्या. या वेळी त्या स्वतः उठल्या. चुलीपाशी गेल्या, आमटी केली आणि वाटी सगुणेपुढे ठेवली. "कशी झाली, सांग."

दारातला वरवंटा किंचित हलला. खलबत्ता यमकं जुळवायचा थांबला. सगुणेला कळलं की ते दोघे इथेच चुकले असणार.

तिने वाटी तोंडाला लावली. आत्याबाईंच्या घरात त्यांचा शाप चालत नव्हता, चव लागली. तीस वर्षांत या बाईने दुसऱ्यासाठी फार तर दोनदा चूल पेटवली होती, ते आमटीला कळलं होतं. सगुणा नवी नवरी. नव्या नवरीने सासरच्या माणसांना काय म्हणायचं असतं, ते तिला माहेराहून निघताना चौघींनी सांगितलं होतं. "छान" हा शब्द तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. पण सासूबाईंचे मनगटावरून घसरणारे बिलवर तिच्या डोळ्यांपुढे होते, आणि चुकून पाटा व्हायला तिला वेळ नव्हता.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

आत्याबाईंनी वाटीत वाकून बघितलं.

"आणि चिंच जुनी आहे. फोडणी मात्र सुरेख बसलीय. अशी मला जमत नाही."

"मीठ किती कमी?"

"चिमूटभर."

आत्याबाईंनी चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, स्वतः चाखलं. मग दुसरी वाटी घेतली आणि तिच्याजवळ बसल्या.

"सेनापती म्हणाला, अमृत. कवीने तर बारा कडवी केली," त्या म्हणाल्या. "खाल्लं कोणी नाही. माझ्या लाडवांत वेलची जास्त पडली होती, ठाऊक आहे? तेवढं कोणी म्हणेल म्हणून मी पाच दिवस थांबले होते."

दोघींनी आमटी संपवली. मग आत्याबाईंनी सांगितलं, "मी शाप सैल केला. पण गाठ माझ्या हातात नाही. कुलूप ज्याने घातलं त्याने काढावं, आणि ज्याने कधी कोणाला वाढलं नाही त्याने वाढावं. आधी हे, मग ते."

सगुणा परत आली तेव्हा राणी डोळे मिटून पडली होती. राजा उशाशी बसला होता. सगुणेने सगळं सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, "बघण्यासारखे" सुद्धा.

राजाचा चेहरा उतरला. "पण सूनबाई, इतकं सुंदर दिसतं ते. हात लावला तर मोडेल."

राणीने डोळे उघडले. "मी कशी दिसते, ते बघा आता," ती म्हणाली.

राजा उठला. किल्ल्यांचा जुडगा घेऊन खजिन्याकडे गेला. कुलूप काढलं. कपाट उघडताच किल्ला ढासळला, नौका फुटली, तीस वर्षांचं शिळेपण एका क्षणात आलं. मुंग्या बाहेर रांग लावून उभ्याच होत्या, त्या आत गेल्या. राजाने ते बघितलं. मग सगुणेचं ताजं रुखवत त्याने स्वतः उचलून वेशीपर्यंत नेलं आणि येईल त्याच्या हातावर ठेवलं. लोकांनी तोंडात टाकलं. चव नव्हतीच, पण राजाने दिलं म्हणून कोणी बोललं नाही.

"आता वाढायचं राहिलं," सगुणा म्हणाली.

राजा चुलीपाशी बसला. त्याने पिठलं टाकलं. सगुणा दारात उभी होती. तिला दिसत होतं की जाळ मोठा आहे. पिठाच्या गुठळ्या होत आहेत. मिरच्या चार पुरतात तिथे नऊ पडल्या आहेत. राजा ढवळायचं सोडून घाम पुसत आहे. तिचे हात पदराखाली वळवळत होते. तिने एक हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

राजाने ताट वाढलं. आधी मीठ कुठे वाढायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून ते मधोमध वाढलं. मग राणीशेजारी बसला आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला.

राणीने घास घेतला. चावला. थांबली. पुन्हा चावला.

"खाली लागलंय," राणी म्हणाली.

राजा बघतच राहिला.

"आणि मिरची केवढी घातलीत. गुठळ्या तर अख्ख्या." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बहुधा मिरचीचं असावं. "तीस वर्षं स्वतः असंच खात होतात?"

"हो," राजा म्हणाला. "काढून टाकू का?"

"ठेवा तिथेच." राणीने हाताने नव्हे, हनुवटीने ताट दाखवलं. "अजून वाढा."

त्याच वेळी डोंगरावर वरवंट्याचा सेनापती झाला, खलबत्त्याचा कवी झाला, आणि तटाखालचे अठरा पहारेकरी एकमेकांच्या भांड्यांत वाकून चाखू लागले. दोघांची तर भांडणंही झाली, कोणाचं भरीत सरस यावरून. प्रधानाने त्या दिवशी दरबार अर्धवट सोडला नाही.

सगुणेने सकाळपासून अकरा पदार्थ करून ठेवले होते. त्यांना त्या दिवशी कोणी विचारलं नाही. तिने त्यांवर फडकं टाकलं आणि वाट बघत बसली.

राणी त्यानंतर वीस वर्षं जगली आणि रोज कशाला तरी नाव ठेवून पोटभर जेवली. तिच्या तोंडाला जशी चव आली, तशी ही कथा ऐकणाऱ्यांच्या तोंडाला राहो.