धनेशाचे तीन दिवस

डोंगरापायथ्याच्या एका रानात, बेहड्याच्या जुन्या झाडावर, धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. मुलांनो, धनेशांची एक रीत आहे, ती आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची गोष्ट तुम्हाला कळायची नाही. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर काढता येईल एवढीच फट ठेवते. आत बसल्या बसल्या तिची पिसे झडतात, त्यामुळे मनात आले तरी तिला उडता येत नाही. नर फळे आणून त्या फटीतून भरवतो आणि त्यावरच ती जगते.

आमचा धनेश कष्टाळू होता, पण मनातल्या मनात कुढत असे. बेहडा ते उंबर, उंबर ते बेहडा, दिवसभर त्याच खेपा. याखेरीज त्याने रान म्हणून काही पाहिलेच नव्हते. एके दिवशी एक ससाणा उंबरावर घटकाभर टेकला आणि ऐट मारू लागला. "मी पलीकडच्या कड्यावर एकटा राहतो. सोसाट्याच्या वाऱ्यात तग कसा धरायचा, कातळातले पाणी कसे हुडकायचे, सगळे मला येते. तू कसला रे रानपाखरू? तू तर नुसता घरगडी!" हे धनेशाला फार लागले. त्याने विचारले, "हे सगळे शिकायचे तर तिथे किती दिवस राहावे लागेल?" ससाणा म्हणाला, "मन भरेपर्यंत. दिवस मोजणाऱ्याने येऊच नये." आणि तो उडून गेला.

धनेशाने ढोलीपाशी येऊन भीत भीत विषय काढला. मादी म्हणाली, "जा की. तुम्ही कंटाळलात ते मला कळत नाही असं थोडंच आहे? पण किती दिवस राहायचं ते कड्यावर जाऊन ठरवू नका, इथेच ठरवा. उंबरं भरून ठेवलीत तर मी तीन दिवस काढीन. चौथ्या दिवशी अंडी फुटतील, आणि पिल्लं भुकेलीच बाहेर येतात. त्यांच्यासाठी काही आणायला मला इथून हलता यायचं नाही."

"हात्तिच्या! तीन दिवस म्हणजे पुष्कळ झाले!" धनेश म्हणाला. त्याने दुपारपर्यंत उंबरे आणून ढोलीत टाकली आणि मोठ्या आनंदाने तो कड्याकडे निघाला.

कड्यावर तो खरेच पुष्कळ शिकला. कातळाच्या भेगेत पाणी कुठे झिरपते, वारा सुटला की कोणत्या कपारीला पाठ लावून बसावे, काट्यांतली करवंदे पंख न फाटता कशी तोडावीत, हे त्याला येऊ लागले. तिसऱ्या दिवशी परत निघायचे होते, पण तेव्हा त्याला वाटले, आपण अजून वादळ कुठे पाहिले आहे? अर्धवट शिकून गेलो तर ससाणा हसेल. एका दिवसाने काय होणार? तो राहिला. चौथ्या दिवशी वादळ आले नाही, म्हणून तो पाचव्या दिवशीही राहिला. ढोलीची आठवण येई तेव्हा तो मान दुसरीकडे वळवी.

मात्र त्या पाचव्या दिवशी एक गंमत झाली, म्हणजे तिला गंमत म्हणवत नाही. करवंदे खाता खाता त्याने सवयीने चार-पाच गळ्यात साठवली आणि उडायला पंख पसरले. मग त्याच्या लक्षात आले, इथे ही द्यायची कोणाला? खाली दरी, वर आभाळ, आणि मध्ये तो एकटा. त्याला एकदम फार एकटे वाटले. शेजारच्या सुळक्यावर ससाणा बसला होता. धनेशाने त्याला विचारले, "दादा, तुम्ही घरी कधी जाता हो?"

"कुठल्या घरी?" ससाणा म्हणाला. "माझी वाट पाहणारे कोणी नाही. म्हणून तर मला दिवस मोजावे लागत नाहीत." एवढे बोलून तो पुन्हा दरीकडे पाहत बसला. त्याच्या आवाजात आज ऐट नव्हती.

धनेश तसाच उडाला, वाटेत कुठे पाण्यालासुद्धा थांबला नाही, आणि सहाव्या दिवशी सकाळी बेहड्यावर पोचला. एरवी त्याच्या पंखांचा आवाज आला की फटीतून चोच पुढे येई. आज आली नाही. त्याने हाक मारली. पुन्हा मारली.

"कोण?" आतून अगदी बारीक आवाज आला.

"अगं, मी!"

चोच हळूच बाहेर आली. त्याने गळ्यातले करवंद दिले, ते आत गेले. दुसरे दिले, तेही आत गेले. तिने स्वतः एकही खाल्ले नाही, आणि कड्याविषयी काही विचारलेही नाही. शेवटी त्यानेच धीर केला. "अंडी फुटली का?"

"दोन्ही फुटली. परवा."

धनेश कान देऊन ऐकू लागला. "आतून एकाचाच आवाज येतोय गं."

"हो. आता एकच आहे," ती म्हणाली. "जा, लवकर काहीतरी घेऊन या."

तात्पर्य : रानात एकटे राहायला जरूर जावे, पण तिथे किती दिवस राहायचे हे आपल्या हौसेला विचारू नये, मागे राहिलेल्यांना किती दिवस निभावता येईल ते विचारावे, आणि तेवढ्यातच परतावे.