चाकाखालचा दगड

शाळेच्या बसची तपासणी करताना वाहन निरीक्षक शर्वरी बोडके चाकापाशी वाकली. उतारावरची ती बस हँडब्रेकवर नव्हे, पुढच्या चाकाखालच्या दगडावर उभी होती. हँडब्रेक ओढला की नुसताच वर यायचा, धरत काहीच नव्हता. आणि उद्यापासून हिच्यात चाळीस पोरं बसणार होती!

संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब खर्डेकर उताराच्या तळाशी आपल्या कोऱ्या मोटारीला टेकून उभे होते. "मॅडम, ब्रेक ठणठणीत आहे. मुकाट्यानं पास करा, नाहीतर तुमची बदली कुठं करायची ते मला ठाऊक आहे."

 शर्वरीचे सासरे घरी अंथरुणाला खिळलेले. बदली झाली तर त्यांचं कोण बघणार? तिने पेनाचं टोपण काढलं.

"करते, साहेब. पण प्रमाणपत्र बसला मिळतं, दगडाला नाही. ड्रायव्हरकाका, तेवढा दगड काढा."

ड्रायव्हर भीत भीत वाकला.

"अरे थांब! हात लावू नकोस त्याला!" दादासाहेब किंचाळत मोटारीपासून लांब पळाले. "बस अंगावर येईल माझ्या!"

ड्रायव्हरने हात मागे घेतला. शर्वरीने शेरा लिहिला आणि कागद दादासाहेबांपुढे धरला : "हँडब्रेक धरत नाही. अध्यक्षांनी स्वतः खात्री केली आहे."