चौरंगावरचा थेंब

हत्यारं अजून बोलत होती, तेव्हाची गोष्ट. सुताराच्या नव्या सागवानी चौरंगावर इपॉक्सी गोंदाचा थेंब सांडून दगडासारखा घट्ट झाला. पूजेचा कलश त्यावर डुगडुगला, की चौरंगाची रवानगी थेट माळ्यावर!

“एका घावात उडवते!” पटाशी फणकारली.

“पटाशीबाई, आधी जरा ऊब देऊन बघायची का?” चौरंगाने भीतभीत विचारलं.

“अगंबाई, कालचा चौरंग मला शिकवतोय!”

घाव बसला. थेंब तसाच राहिला. चौरंगाचा मात्र टवका उडाला.

सुताराने पटाशी बाजूला ठेवली, थेंबावर गरम हवा सोडली आणि तो मऊ होताच प्लास्टिकच्या पट्टीने अलगद सोलून काढला.

“गेला ना थेंब? माना माझे आभार!” पटाशी म्हणाली.

“मानतो की,” चौरंग म्हणाला. “थेंबाची जागा आता शोधूनही सापडत नाही. तुमची मात्र आंधळ्यालाही सापडेल.”